सुट्टीत पहिल्यांदाच क्लाइंबिंग वॉल चढायची आहे, तयारी काय करू?

मोकळीवाट
नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात आम्ही चौघं सुट्टीवर जातोय. जिथे राहणार आहोत तिथल्या आवारातच एक क्लाइंबिंग वॉल आहे. फोटोंवरून तीन मजल्यांएवढी उंच वाटते, वरून दोर सोडलेले दिसतात. शेजारी एक बुटकी भिंत आहे. तिच्यावर दोर नाहीत, खाली नुसत्या जाड गाद्या अंथरल्या आहेत. माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने ऑलिंपिकमध्ये हा खेळ पाहिला, तेव्हापासून तिला चढायचंच आहे. आणि खरं सांगायचं तर मलाही चढायचंय. नुसतं खाली उभं राहून फोटो काढायचे नाहीत.

मी चाळिशी ओलांडली आहे, रोज चालते, पण व्यायामशाळेत कधी गेलेली नाही. दंडात जोर नाही. उंच गच्चीच्या कठड्याशी गेले की पोटात गोळा येतो. हाताशी महिनाभर आहे. या महिन्यात काय करू? बूट विकत घ्यावेत का? भीतीचं काय करायचं? आणि लेकीच्या बाबतीत वेगळी काळजी घ्यावी लागते का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

कातळपाय
अवश्य चढा. वय आणि दंड, दोन्हींची चिंता सोडा. नवशिक्यांना भिंतीवर शिकवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. पहिल्या दिवशी माणूस अडतो तो ताकद कमी पडली म्हणून नाही. वर गेल्यावर हात सोडवत नाहीत, म्हणून अडतो. त्यामुळे मी सगळ्यांना एकच सांगतो: चढायचं कसं हे नंतर, आधी उतरायचं कसं ते शिका.

फोटोतल्या उंच भिंतीवरच्या प्रकाराला टॉप रोप म्हणतात. दोर तुमच्या हार्नेसपासून (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे) वर जातो, माथ्यावरच्या अँकरमधून, म्हणजे पक्क्या बसवलेल्या कडीतून फिरतो आणि खाली बिले देणाऱ्या, म्हणजे दोर सांभाळणाऱ्या माणसाकडे, बिलेअरकडे येतो. तुम्ही वर सरकलात की तो ढील ओढून घेतो. पाय निसटला तर तुम्ही थोड्याशा खाली येता आणि दोरावर लटकता. क्लाइंबिंगचा दोर मुद्दाम ताणला जाईल असाच बनवलेला असतो, म्हणून झटका बसत नाही. त्याच ताणामुळे जमिनीजवळ असताना दोर घट्ट हवा, नाहीतर निसटल्यावर पाय जमिनीला लागतील. सुरुवातीला बिलेअरला ‘दोर घट्ट ठेवा’ असं मोकळेपणाने सांगा, त्यात संकोच नको.

आता पहिल्या चढाईला काय करायचं ते सांगतो. फक्त दोन मीटर चढा. थांबा. दोर घट्ट घ्यायला सांगा. हार्नेसमध्ये खुर्चीत बसल्यासारख्या मागे बसा. एक हात सोडा, मग दुसरा. भिंतीवर दोन्ही पायांचे तळवे टेकवून, पाय खांद्यांएवढे फाकवून पायांनी भिंतीला रेटा द्या, आणि मग ‘खाली घ्या’ म्हणा. भिंतीवरून उलटं चालत खाली या. पुन्हा चढा, या वेळी थोडं अधिक. दोर धरतो हे डोक्याला कितीही पटलं तरी शरीराला पटायला दोन-चार वेळा बसून बघावंच लागतं, आणि ते दोन मीटरवर बघणं सोपं जातं. सरळ माथ्यावर पोचून पहिल्यांदा हात सोडायची वेळ आली तर भलेभले तिथेच अडकतात.

सकाळची_धाव
महिना आहे ना, मग रोज पुल-अप्स सुरू करा. येत नसतील तर बार धरून लटकायचं. शेवटी आपलं वजन आपल्यालाच ओढायचं असतं.

कातळपाय
सकाळची_धाव, मतभेद नोंदवतो. शिडी चढताना आपण हातांनी अंग ओढत नाही, पायांनी वर ढकलतो. सोप्या भिंतीवर हेच करायचं. हात फक्त तोल सांभाळायला. ज्यांच्या दंडात भरपूर जोर असतो ते पहिल्या दिवशी हातांवरच चढतात आणि थोड्याच वेळात त्यांच्या मुठी उघडेनाशा होतात. जोर कमी असलेली माणसं नाइलाजाने पाय वापरतात आणि पुष्कळदा जास्त वेळ चढतात. हे मी सतत बघतो.

सांधेजोड
मी फिजिओ आहे, थोडी भर घालते.

मूठ का भरून येते? होल्ड (भिंतीवरचा धरायचा किंवा पाय टेकवायचा उंचवटा) घट्ट धरून ठेवला की कोपरापुढचे स्नायू आकसलेलेच राहतात, आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्तपुरवठा कमी पडतो. हात दगडासारखा कडक होतो, बोटं ऐकेनाशी होतात. उपाय म्हणजे हवा तेवढाच जोर लावून धरणं, कोपर सरळ ठेवून सांगाड्यावर भार घेणं, आणि पाय नीट टेकलेले असताना एकेक हात खाली सोडून झटकणं. घाबरलेला माणूस गरजेच्या दुप्पट जोराने धरतो, म्हणून भीती आणि दमणूक हातात हात घालून येतात.

महिनाभरात करण्यासारखं: जिने चढा. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठ-बस करा. चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली करा, कारण भिंतीवर सगळा भार पायाच्या अंगठ्यापाशी येतो आणि सवय नसेल तर पोटऱ्या थरथरू लागतात. एका पायावर उभं राहून तोल सांभाळा, जमलं की डोळे मिटून (भिंतीजवळ उभं राहूनच). मांडीचे सांधे मोकळे करा, पाय उंच उचलून बाजूला ठेवता यायला हवा. खांदे सगळ्या दिशांनी फिरवा. आठवड्यातून तीन दिवस पुरे.

लटकण्याबद्दल: खांद्याची जुनी तक्रार नसेल तर बार धरून, पाय जमिनीला टेकलेले ठेवून, अर्धाच भार हातांवर घेऊन थोडा वेळ लटकायला हरकत नाही. मात्र बोटांच्या टोकांवर लटकायच्या लाकडी पट्ट्या मिळतात, त्यांच्या वाटेला अजिबात जाऊ नका. बोटांचे कंडरे हाडाशी धरून ठेवणारे बारीक पट्टे असतात, त्यांना पुली म्हणतात. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, या पुली आणि कंडऱ्यांना त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. महिन्याभराच्या घाईत तिथे इजा होण्याचाच संभव जास्त.

सकाळची_धाव
पटलं. पट्टीचं मला माहीत नव्हतं.

काचेमागून
पायांबद्दल एक. मला शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं होतं की पाऊल मधोमध टेकवायचं नाही, बुटाचं टोक टेकवायचं, अंगठ्याच्या बाजूने. मधोमध टेकवलं की पाय त्या होल्डवर खिळतो आणि टाच वळवता येत नाही. टोक टेकवलं की तेवढ्यावर फिरून कंबर भिंतीजवळ आणता येते आणि हात आपोआप लांब पोचतो. ही एक गोष्ट कळली आणि सगळं चढणंच बदललं.

मी चश्मेवाली आहे. मागून बांधायचा पट्टा लावून चढते, काही त्रास नाही. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी मात्र चॉक लागलेला हात डोळ्याला लावू नये.

मोकळीवाट
बापरे, किती छान माहिती! वाचताना पानावर टिपणं काढतेय. जिने आजपासूनच सुरू. चॉक म्हणजे फळ्यावरचा खडू का? तो आपण न्यायचा असतो का? आणि बुटांचं राहिलंच.

कातळपाय
फळ्यावरचा नाही. मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड असते, हाताचा घाम शोषते. जिम्नॅस्ट पूर्वीपासून वापरत. जॉन गिल नावाचा अमेरिकन क्लाइंबर स्वतः जिम्नॅस्टिक्स करायचा, त्याने १९५० च्या दशकात ती कातळावर आणली. पहिल्या दिवशी नसली तरी अडत नाही. बऱ्याच ठिकाणी मिळते, काही ठिकाणी पूड उडते म्हणून फक्त पातळ चॉक चालतं. मिळालं तर अगदी थोडं घ्या. थापलं की उलट होल्ड निसरडे होतात.

बूट विकत घेऊ नका. तिथलेच घ्या. नेहमीच्या बुटांपेक्षा ते घट्ट असतात, बोटं पुढे टेकलेली हवीत, पण कळ येता कामा नये. दुखणारा बूट घातलेला माणूस पायावर भार द्यायला कचरतो, आणि पायावर भार न देणं हीच तर नवशिक्याची खरी अडचण. पातळ मोजे घाला. पायाची नखं आदल्या दिवशी कापा, हाताचीही. दोन चढायांच्या मध्ये बूट काढून ठेवा.

आणि एक गोष्ट कृपा करून टाळू नका: अंगठ्या, बांगड्या, गळ्यातली साखळी, लोंबते कानातले, सगळं खोलीवर ठेवून या. अंगठी होल्डमध्ये अडकली आणि शरीर खाली गेलं तर बोटाची कातडी सोलली जाते, कधी बोटच जातं. याच कारणाने भिंतीत बोल्टची जी गोल भोकं दिसतात त्यांत बोट घालायचं नाही. लेकीला हे आधीच सांगून ठेवा, मुलांना भोक दिसलं की बोट घालावंसं वाटतंच. लांब केस घट्ट बांधा.

दोनपिल्लं
मुलीबद्दल मी सांगते, माझी दोन्ही मुलं चढतात.

लहान मुलांना कंबर आणि नितंब यांत फारसा फरक नसतो, त्यामुळे नुसता कमरेचा हार्नेस उलटं झाल्यास खाली सरकू शकतो. म्हणून त्यांना खांद्यांवरूनही पट्टे येणारा पूर्ण अंगाचा हार्नेस देतात. अकराव्या वर्षी दोन्ही शक्यता असतात. शिक्षकाला कंबरपट्टा खाली ओढून बघायला सांगा. नितंबांवरून खाली येत असेल तर पूर्ण अंगाचाच हवा.

दुसरं म्हणजे खालून सूचना देऊ नका. ‘उजवा पाय तिकडे, अगं डावीकडचा पिवळा बघ’ हे आपण मायेने बोलतो, पण वर असलेल्या पोराला ते नुसतं ओरडणं ऐकू येतं आणि स्वतः वाट शोधण्यातली गंमत जाते. बोलायचं असेल तर शिक्षकाने, तेही तिने विचारलं तर.

तिसरं, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं. ‘मला खाली यायचंय’ असं मूल म्हणालं की त्याच क्षणी खाली. ‘अजून एकच, इतकं जवळ आलंय’ असं कधीही नाही. माझ्या धाकट्याने सुरुवातीला कितीतरी वेळा अर्ध्यावरून खाली यायचं ठरवलं. प्रत्येक वेळी लगेच खाली घेतलं, म्हणून पुन्हा वर जायची त्याला कधी धास्ती वाटली नाही.

ऑलिंपिक पाहून मुलांना पळत चढायचं असतं. तिथली स्पीडची भिंत १५ मीटरची असते, तिच्यावर जगभर सारख्याच जागी सारखेच होल्ड असतात, आणि ती मंडळी तीच वाट वर्षानुवर्षं घोटतात. पॅरिसला पुरुषांमध्ये पाच सेकंदांच्या आत चढले. लेकीला त्याऐवजी स्लोव्हेनियाच्या यान्या गार्नब्रेटची लीडची चढाई (चढता चढता दोर अडकवत जायचा प्रकार) दाखवा. टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडे तिने सुवर्णपदक मिळवलं. ती किती शांतपणे पाय ठेवते, मध्येच थांबून हात कसे झटकते, ते बघण्यासारखं आहे.

वटवृक्ष
माझंही एक विचारून घेतो. वजन शंभरच्या पुढे आहे. चढायची फार इच्छा आहे, पण सगळ्यांसमोर ‘तुम्हाला नाही जमणार’ ऐकावं लागेल म्हणून कधी गेलो नाही. सामान तुटायची भीती असते का?

कातळपाय
वटवृक्षदादा, सामानाची काळजी नको. क्लाइंबिंगचा कॅराबिनर, म्हणजे उघडमिट होणारी धातूची कडी, लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन भार सोसेल असाच बनवावा, असं युरोपीय मानक सांगतं. सोप्या भाषेत, सुमारे दोन हजार किलोचं वजन. हार्नेस आणि दोरही माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट भार पेलतात.

खरे प्रश्न दोन. पहिला, हार्नेसचं माप. मांडीचे आणि कमरेचे पट्टे पुरेसे मोठे आहेत का, आणि कंबरपट्टा हाडांच्या वर नीट बसतो का. दुसरा, बिले देणारा तुमच्याहून बराच हलका असेल तर तुम्ही लटकल्यावर तो वर उचलला जातो. त्यासाठी त्याला जमिनीला बांधून घेतात किंवा जड माणसाला उभं करतात. माणसाऐवजी दोर सांभाळणारं स्वयंचलित यंत्र असेल तर त्याची किमान आणि कमाल वजनमर्यादा त्यावरच लिहिलेली असते, ती मात्र काटेकोर पाळायची. आदल्या दिवशी फोन करून माप आणि मर्यादा विचारून घ्या, म्हणजे तिथे सगळ्यांसमोर विचारायची वेळ येणार नाही. मी शिकवलेल्यांत तुमच्या वजनाची माणसं आहेत आणि आनंदाने चढतात.

वटवृक्ष
मनापासून आभार. हे कुणी सरळ सांगितलंच नव्हतं.

मोकळीवाट
वटवृक्ष, तुमच्यावरून मला सुचलं आणि मी तिथे फोनच केला. कळलेल्या गोष्टी: मोठ्यांसाठी दोर धरायला माणूस नसतो, ‘ऑटो बिले’ लावतात. मुलांसाठी शिक्षक दोर धरतात. हार्नेस आणि बूट तिथेच मिळतात. सुरुवातीला थोडा वेळ शिकवतात. आता ते हार्नेसमध्ये बसून बघायचं कसं जमणार?

कातळपाय
बरं झालं विचारलंत, इथे फरक पडतो.

ऑटो बिले म्हणजे माथ्यावर बसवलेलं यंत्र. त्यातून एक पट्टा खाली येतो. तुम्ही वर गेलात की तो आपोआप गुंडाळला जातो, हात सोडलेत की ब्रेक लागून ठरावीक सावकाश वेगाने तुम्हाला जमिनीपर्यंत आणतो. अनेक यंत्रांत हा ब्रेक चुंबकीय असतो: धातूचा भाग चुंबकांच्या मधून जितका जोरात फिरेल तितका विरोध वाढतो, म्हणून मर्यादेतलं वजन कितीही असलं तरी वेग आवाक्यात राहतो. म्हणजेच मधे लटकून विश्रांती घेता येत नाही, सुटलात की सरळ खाली. आणि सुटल्याच्या पहिल्या क्षणी किंचित मोकळं पडल्यासारखं वाटतं. हे आधी माहीत असलेलं बरं.

सराव तोच, फक्त बदलून. आपल्या उंचीएवढंच चढा. शिक्षकाला शेजारी उभं करा. दोन्ही हात एकदम सोडा आणि मागे बसा. पाय पुढे, गुडघे सैल, तोंड भिंतीकडे. खाली येताना होल्ड किंवा पट्टा पकडू नका. जमिनीवर आलात की पुन्हा. तो पहिला क्षण ओळखीचा होईपर्यंत उंची वाढवू नका. दोनच नियम लक्षात ठेवा: यंत्राच्या बरोबर खालच्या रेषेतच चढायचं, फार बाजूला गेलात तर सुटल्यावर झोका बसतो. आणि यंत्राच्या वर चढायचं नाही.

याहून महत्त्वाचं, आणि हे ठळक अक्षरात वाचा. ऑटो बिलेवरचे गंभीर अपघात मुख्यतः पट्टा न अडकवता चढल्यामुळे होतात. यंत्र बिघडल्यामुळे क्वचितच. खाली दुसरं माणूस नसतं, त्यामुळे विचारणारं कुणी नसतं. दमलेले, गप्पा मारत असलेले, सराईत लोकसुद्धा तसेच चढू लागतात. म्हणून तुम्ही दोघं नवरा-बायको एकमेकांचं बिलेअर नसलात तरी तपासनीस व्हा. पहिला होल्ड धरण्याआधी दुसऱ्याने येऊन हात लावून बघायचं: कंबरपट्टा हाडांच्या वर आणि घट्ट, सगळी बकलं नीट, पट्ट्याचा कॅराबिनर हार्नेसच्या पुढच्या बिले लूपमध्येच (पोटासमोरचा मजबूत फासा), आणि त्याचं लॉक लागलेलं. प्रत्येक वेळी.

लेकीच्या दोराला गाठ असेल तर ती आठाच्या आकाराची, दुहेरी गाठ असते. दोर हार्नेसच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही कड्यांतून गेलेला, गाठीत समांतर दोऱ्यांच्या पाच जोड्या मोजता येतात, आणि शेपूट वीतभर उरलेलं. लेकीला मोजायला शिकवा, मुलांना ते आवडतं.

तपासणीत कुणालाही अपमान वाटू नये म्हणून एक घटना सांगतो. लिन हिल ही जगातल्या सर्वश्रेष्ठ क्लाइंबरपैकी एक. १९८९ मध्ये फ्रान्समध्ये बुऊ इथे तिची गाठ अर्धवट राहिली. वर पोचून ती दोरावर बसली आणि २० मीटरहून जास्त उंचीवरून खाली आली. झाडाच्या फांद्यांमुळे वाचली. तिनेच १९९३ मध्ये अमेरिकेत योसेमिटीतल्या एल कॅपिटन या कड्यावरची ‘नोज’ ही वाट फ्री, म्हणजे दोर फक्त बचावापुरता ठेवून, हातापायांनीच चढून दाखवली, जी तोवर एकाही पुरुषाला वा स्त्रीला जमली नव्हती. इतक्या पट्टीच्या माणसाची गाठ राहू शकते, तर आपलीही.

अनवाणी
खूप चांगला धागा. भीतीबद्दल मला वेगळं सांगायचंय. सगळे म्हणतात ‘खाली बघू नकोस’. मला उंचीची भीती होती, आजही आहे, आणि मला हा सल्ला कधीच लागू पडला नाही. पाय ठेवायला खाली बघावंच लागतं! न बघता पाय चाचपडले की निसटतात आणि भीती वाढते.

मला उपयोगी पडलं ते असं: नजर पायाच्या होल्डवर, पाय टेकेपर्यंत तिथेच. जमिनीकडे नाही, पण पायाकडे नक्की. आणि श्वास. भीती वाटली की आपण श्वास धरतो आणि ते आपल्या लक्षातच येत नाही. दर हालचालीला तोंडाने लांब उच्छ्वास सोडायचा, खालच्या माणसाला ऐकू येईल इतका. मला त्याने हाताची पकडही सैल करता येते. अर्ध्यावरून उतरायचं ठरवलंत तर तो पूर्ण दिवस आहे, अर्धा नाही. उंची किती गाठली याचा हिशेब मनात घेऊन जाऊ नका.

कातळपाय
अनवाणीशी शंभर टक्के सहमत. ‘खाली बघू नका’ हा सल्ला मी कुणालाच देत नाही.

पहिलीपायरी
त्या बुटक्या भिंतीबद्दल कुणी बोललंच नाही. आम्ही गेलो होतो तेव्हा सगळे आधी तिच्यावरच पाठवत होते, ‘दोर नाही म्हणजे सोपं’ म्हणून.

कातळपाय
ते बोल्डरिंग. भिंत साधारण चार-साडेचार मीटरची. उंची कमी म्हणून सोपं वाटतं, पण तिथे प्रत्येक पडणं हे जमिनीवरचं पडणं असतं. गादी जाड असली तरी घोटे आणि मनगटं दुखावतात ती तिथेच. म्हणून तिथेही आधी पडायला शिका. गादीवर उभं राहून सुरुवात करा: दोन्ही पाय एकदम टेकवा, गुडघे वाकवा, तसंच मागे लोळा, हनुवटी छातीशी, हात छातीवर. हात मागे टेकवायचे नाहीत, मनगट आणि कोपर त्यातच मोडतात. मग गुडघाभर उंचीवरून, मग कमरेएवढ्या. माथ्यावर पोचलात तरी उडी मारू नका, मोठे होल्ड धरत जमेल तितकं उतरून मग सोडा. कुणी चढत असेल तर त्याच्या खालून जायचं नाही, मुलं गादीवर खेळायला लागतात तेव्हा विशेष लक्ष द्या.

कोणती वाट निवडायची? एका रंगाचे होल्ड म्हणजे एक वाट. अवघडपणा मोजायच्या पद्धती बऱ्याच आहेत, अमेरिकेत ५ आणि पुढे टिंब देऊन आकडा, फ्रेंच पद्धतीत आकडा आणि अक्षर, बोल्डरिंगला व्ही लावून आकडा. त्यात डोकं घालू नका. सगळ्यात सोपा रंग कोणता तेवढं विचारा. आणि भिंत बघा: मागे झुकलेली किंवा सरळ उभी घ्या. तुमच्या अंगावर येणारी भिंत, तिच्यावर होल्ड कितीही मोठे असले तरी, पहिल्या दिवसाला नको. तिथे मात्र हातच लागतात.

काचेमागून
जाता जाता: अशा कृत्रिम भिंतींची सुरुवात फार साधी आहे. १९६४ मध्ये इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकांनी एका कॉरिडॉरच्या विटांच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवून घेतले. क्लाइंबर तिथे सराव करू लागले. आणि १९९९ मध्ये तर एका क्रूझ जहाजाच्या धुराड्यावर भिंत बसवली गेली, सुट्टीतल्या लोकांसाठीच!

मोकळीवाट
काय काय कळतंय! शेवटचा प्रश्न. सुट्टीत कुठल्या दिवशी ठेवू? पहिल्या दिवशी दुपारी पोचतोय, तलावही आहे, मुलांना पोहायचंच असणार.

सांधेजोड
पोचल्याच्या दिवशी नको. प्रवासाने आखडलेलं अंग, कमी झोप. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, आणि पोहणं चढून झाल्यावर. पाण्यात राहून मऊ झालेली कातडी होल्डवर लगेच सोलते. भिंत उघड्यावर असेल तर सकाळ आणखी बरी, दुपारच्या उन्हात होल्ड तापतात. दहा मिनिटं अंग गरम करा, सोप्या वाटेने सुरुवात करा, दोन चढायांमध्ये भरपूर बसा, आणि पकड ढिली पडायला लागली की त्या दिवसापुरतं थांबा. शेवटच्या ‘अजून एक’ मध्ये पाय आळसावतात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात आणि पाठ दुखेल, बाटलीचं झाकण उघडणं जड जाईल. त्यामुळे लांब गाडी चालवायचा बेत लगेच दुसऱ्या दिवशी ठेवू नका. सगळीकडून सारखं दुखणं ठीक. एकाच बोटाच्या बुडाशी टोचल्यासारखं दुखलं, ‘टक’ असा आवाज आला किंवा सूज आली, तर चढणं बंद आणि डॉक्टर.

मोकळीवाट
मंडळी, आम्ही परत आलो. तुमच्यासाठी लिहायलाच हवं.

शिक्षिकेला मी आल्या आल्या सांगितलं की मला आधी हात सोडायचा सराव करायचाय. तिने लगेच वेळ दिला. पहिल्या वेळी हात सुटेचनात. तोंडाने श्वास सोडत उभी राहिले, आणि मग सुटले. तो किंचित पडल्यासारखा क्षण मला आधीच माहीत होता, म्हणून किंकाळी फुटली नाही. मग तेच करत राहिले, उंची वाढवत. अर्ध्याच्या थोडं वर गेले आणि मला तिथून स्वतःहून खाली यावंसं वाटलं. आले. फार आनंद झाला. लेक माथ्यापर्यंत गेली, गाठीच्या पाच जोड्या ती शिक्षिकेलाच मोजून दाखवत होती. आम्ही दोघांनी प्रत्येक वेळी एकमेकांचा कॅराबिनर तपासला. आता घराजवळ कुठे भिंत आहे का ते शोधतेय.

अनवाणी
वाचून फार छान वाटलं. भिंत नक्की शोधा.

पहिलीपायरी
अभिनंदन! सांधेजोड, माझ्या नवऱ्याचा खांदा पूर्वी निखळला होता, आता दुखत नाही. त्याने चढावं का?

सांधेजोड
आधी खांदा तपासून घ्या. एकदा निखळलेला खांदा, विशेषतः तरुण वयात निखळलेला, पुन्हा निखळण्याची शक्यता असते. हात डोक्याच्या वर आणि बाहेर वळलेला असताना त्यावर अचानक भार आला की धोका सगळ्यात जास्त, आणि भिंतीवर नेमकं तेच होतं. तपासणीत खांदा स्थिर निघाला आणि फिजिओने हरकत घेतली नाही, तर मागे झुकलेली सोपी भिंत, टॉप रोप, होल्ड शक्यतो छातीच्या पातळीत. बोल्डरिंग आणि अंगावर येणारी भिंत नको. नुकती शस्त्रक्रिया झालेली असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, चक्कर येत असेल किंवा गरोदरपण असेल, तर त्यांनीही आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. आणि शिक्षकाला खांद्याबद्दल चढायच्या आधीच सांगा, म्हणजे तो वाट त्याप्रमाणे निवडून देईल.